वयाच्या मानाने

४ एप्रिल, सकाळ

साडूने फॅमिली ग्रुपवर एक तक्ता टाकला. ‘तुम्ही वयाच्या मानाने कुठे आहात?’ खाली हसरं तोंड. सकाळी सकाळी दुसऱ्याच्या घरावर दगड टाकायचा आणि वर दात काढायचे!

तिसाव्या वर्षी वर्षाच्या पगाराएवढी शिल्लक हवी. चाळिसाव्या वर्षी तिप्पट. पन्नासाव्या वर्षी पाचपट. पंचावन्नाव्या वर्षी सातपट. साठाव्या वर्षी नऊपट.

कोणी ठरवलं? कोणाला विचारून?

येत्या १ जूनला मी पंचावन्नचा. शिल्लक मोजली नाही. गरज नाही. काट्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं वजनकाटे तपासतोय. वस्तू नुसती हातात घेतली तरी मला वजन कळतं.

साडूला अंगठा पाठवला. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण अंगठा पाठवला.

४ एप्रिल, संध्याकाळ

मोजली. पाऊणपट.

चूक असणार. आतल्या खोलीत हिचं मशीन घर्रघर्र. त्या आवाजात माणसाने बेरीज करायची कशी? ही पडदे शिवते. या हॉटेलचे झाले की त्या हॉटेलचे. वीस वर्षं तेच चाललंय. बाईमाणसाला विरंगुळा म्हणून ठीक आहे.

उद्या नीट मोजणार.

५ एप्रिल

काल फक्त बँकेतले पैसे धरले होते. मूर्खपणा. संपत्ती म्हणजे सगळं आलं. फ्रिज. कपाट. स्कूटर, घेतली त्या किमतीला, कारण मी ती जपलीय. पलंगाखालच्या वाफेच्या इस्त्र्या. (एजन्सी घेतली होती. माल उत्तम होता, लोक नालायक निघाले.) साडूने उसने नेलेले पैसे, व्याजासकट. साडू म्हणतो कधीच फेडले. मी म्हणतो नाही. हिशेब माझा आहे.

एकूण सव्वापट. एका रात्रीत एवढी वाढ साडूला तरी झाली असेल का?

मग इस्त्र्या मोजायला खाली वाकलो. निम्मी खोकी रिकामी! हिला विचारलं. म्हणाली, पडद्यांना वापरते, एक बिघडली की दुसरी काढते, दहा वर्षं झाली. दहा वर्षं माझ्या डोक्याखाली माझ्या संपत्तीची लूट चाललीय आणि मी वर घोरतोय. खूप बोललो. ही म्हणाली, अहो, आवाज हळू, हातात कात्री आहे.

पुन्हा एकपट.

११ एप्रिल

घरमालक आला. म्हातारा दारातच म्हणाला, फ्लॅट विकायचाय. बावीस वर्षं राहताय, पहिला हक्क तुमचा. जूनअखेर सांगा. नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे.

कोण गिऱ्हाईक? म्हातारा बुटाची नाडी बांधत बसला. शेवटी म्हणाला, तुमचे साडूच. म्हणाले, इन्व्हेस्टमेंट म्हणून घेऊन टाकतो, ते राहतील की भाड्याने निवांत.

निवांत! दर महिन्याच्या पाच तारखेला त्या माणसाच्या हातात भाडं ठेवायचं आणि निवांत! आणि नळ गळायला लागला तर त्यालाच फोन करायचा! मी मेलो तरी चालेल, नळ गळला तरी चालेल.

ही आतल्या खोलीच्या खिडकीशी उभी राहिली. तिथे मशीन आहे, दिवसभर उजेड असतो. म्हणाली, हे घर सुटलं तर मी मशीन कुठे मांडू? मी म्हटलं, अगं, इथे इज्जतीचा प्रश्न आहे, मशीनचं काय घेऊन बसलीस?

संकल्प: हे घर मी घेणार. मी म्हणजे मीच.

१५ एप्रिल

बँक. कर्जाच्या टेबलावर एक मॅडम. वय विचारलं, पगार विचारला, कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि तोंड असं केलं की जणू मी आजारी आहे. म्हणाल्या, तुम्ही साठाव्या वर्षी रिटायर होणार. फेडायला पाचच वर्षं. हप्ता तुमच्या पगाराहून मोठा येतोय.

मग पगार वाढवायला सांगा, मी म्हटलं. मॅडमनी पुढच्या माणसाला बोलावलं.

नऊ वर्षं असती तर जमलं असतं, एवढं जाता जाता सांगितलं. मेहेरबानी.

१६ एप्रिल

ही म्हणाली, माझ्या नावावर विचारून बघू का? धंदा करणाऱ्यांना सत्तरीपर्यंत देतात म्हणे, आणि माझ्या ठेवी आहेत. मला हसू आलं. पडद्यांवर कर्ज! उद्या उशांवर मागशील, म्हटलं. ही उठून आत गेली. तिला चेष्टा कळत नाही.

आज कामात लक्ष नाही. एका वाण्याची तक्रार आली म्हणून काटा बघायला गेलो, तर त्याचंच बोट पकडलं. पारड्याला बोट लावून ठेवतो आणि म्हणतो काटा खराब आहे! त्याला इतकं झापलं की गिऱ्हाइकं जमली. जग सगळं खोट्या मापावर चाललंय.

२० एप्रिल, पहाटे

सुचलं!! एवढी साधी गोष्ट सव्वीस वर्षं कशी सुचली नाही?

पैसे वाढत नसतील तर वय कमी करायचं.

आणि यात खोटं काही नाही. आई नेहमी म्हणायची, शाळेतलं तुझं वय खरं नाही रे. १ जून ही तारीख मास्तरांनी टाकलेली, आमच्या निम्म्या वर्गाचा वाढदिवस त्याच दिवशी यायचा. म्हणजे मला वय वाढवून शाळेत घातलं. किती वाढवून? माझ्या अंदाजाने तीन वर्षं. मी तिसऱ्या वर्षी पहिलीत गेलो. म्हणूनच तर पहिलीत दोनदा बसावं लागलं. तीन वर्षांचं पोर, किती अभ्यास करणार?

म्हणजे मी एक्कावन्नचा. रिटायर व्हायला नऊ वर्षं! मॅडमचं कर्ज बसतं. आणि तक्त्यातही मी पंचावन्नच्या रकान्यातून बाहेर.

आरशात बघितलं. खरंच एक्कावन्नचा वाटतो. वर जे दिसतं ती काळजी आहे, वय नाही.

२१ एप्रिल

पुरावा हवा. आई तर राहिली नाही. आत्या आहे. शाळेत जाण्याआधी मी आत्याकडेच वाढलो. पंचाऐंशीची आहे पण स्मरणशक्ती म्हणजे लोखंड. कोणाच्या लग्नात कोण रुसलं होतं ते अजून सांगते. शिवाय तिची मुलगी, माझी आतेबहीण, दवाखान्यात जन्मलेली, तिचा दाखला पक्का. ती गेल्या महिन्यात सत्तावन्नची झाली. माझ्याहून तब्बल सहा वर्षांनी मोठी आणि तरी मला दादा म्हणते. याला म्हणतात जुने संस्कार.

आत्याला आधी फोन करून विचारावं का? नको. आपणच शिकवून ठेवलं असं व्हायला नको. मी सचोटीचा माणूस आहे.

२४ एप्रिल

कंपनीत अर्ज दिला. जन्मतारीख दुरुस्त करावी म्हणून. भाषा अशी वापरलीय की पर्सनलवाल्यांनी फ्रेम करून लावावी. ‘माझी नोंदलेली तारीख चुकीची असून, चौकशीत जी खरी तारीख निघेल ती मला पूर्णपणे बंधनकारक राहील.’ साक्षीदार म्हणून आत्याचं नाव आणि फोन. आत्याच्या स्मरणशक्तीबद्दल एक वेगळा परिच्छेद.

पर्सनलची बाई म्हणाली, काका, नक्की द्यायचाय ना? एकदा घरी विचारा. काका! एक्कावन्न वर्षांच्या माणसाला काका! हिच्यासारख्या लोकांमुळेच माणूस म्हातारा होतो. शिक्का मारून पोच घेतली.

२ मे

केस रंगवले. चौकशीला बोलावलं तर रूप वयाला शोभलं पाहिजे. थोडा रंग कानाला लागला. साबणाने जात नाही. फॅक्टरीत कोणीतरी म्हणालं, कान जळला का? चौकशीच्या वेळी डावी बाजू पुढे करायची.

एक्कावन्नाव्या वर्षी माणसाने लिफ्ट वापरू नये, म्हणून चार जिने चढलो. तिसऱ्यावर कमरेत उसण भरली. जिन्याच्या पायऱ्यांची उंची चुकीची आहे.

पलंगावर पडून हे लिहितोय. ही शेकायला इस्त्री घेऊन आली. (माझीच इस्त्री!) शेकता शेकता म्हणाली, उद्या बँकेत जाऊन येते, त्या मॅडमनी माझे रिटर्न मागितलेत. मी म्हटलं, काय रिटर्न करायचंय ते कर, पण जरा डावीकडे शेक.

१० मे

साडू घरी आला. सहज, म्हणे. सहज माणूस हातात टेप घेऊन येत नाही. आतली खोली मोजली. ही कपाटं काढली तर इथे दोन माणसं राहू शकतात, म्हणाला. हिच्या मशीनवर कोपर टेकवून उभा होता.

मी विचारलं, तुझे किती पट झाले? म्हणाला, कसले? अरे, तक्त्यातले! तो म्हणाला, कुठला तक्ता? मला कुणीतरी पाठवला, मी पुढे ढकलला, वाचलाही नाही.

वाचलाही नाही!! माझी महिनाभराची झोप उडवून हा माणूस सुखाने घोरतोय!

हिने त्याला चहा दिला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा. मी मनात म्हटलं, वा. माझ्या बाजूने उभी राहिली.

१९ मे

अजून उत्तर नाही. कंपन्यांना प्रामाणिक माणूस पचत नाही. उद्या स्मरणपत्र देणार. भाषा आणखी कडक.

ही जेवताना म्हणाली, मॅडम म्हणतात होऊन जाईल, एकदा तुमच्याशी बोलायचं होतं. मी म्हटलं, माझं होऊन जाणारच आहे, त्यात मॅडमनी काय सांगायचं? तिने भांडी उचलली, जरा जोरातच. हिला हल्ली काय होतंय कळत नाही.

२० मे

स्मरणपत्र दिलं. ‘विलंबाबद्दल कंपनीला जबाबदार धरण्यात येईल.’ पर्सनलची बाई म्हणाली, काका, मी मुद्दाम थांबवलं होतं, पण आता फोन करावाच लागेल. म्हटलं, कराच! आत्ता करा, माझ्यासमोर करा!

तिने केला. स्पीकरवर.

संध्याकाळ

दार लावून लिहितोय. रागाने. फक्त रागाने.

आत्या फोनवर खूश. आधी तिने बाईलाच विचारलं, तुझं लग्न झालं का, सासू कशी आहे. मग गाडी माझ्यावर आली. म्हणाली, तो होय! तो माझ्या मुलीच्या तीन महिने आधीचा. दोघांना एकाच पाळण्यात झोपवायचे, म्हणून तर ती त्याला दादा म्हणते. शाळेला लई उशिरा घातला त्याला. शाळा म्हटलं की झाडावर चढून बसायचा, उतरायचाच नाही. साडेआठचा झाला तेव्हा कुठे बापाने झाडावरून उतरवून नेला. मास्तर म्हणाले, एवढा थोराड पहिलीत बसवता येत नाही, सहाच लिहितो. तरी मेला पहिलीत नापास झाला.

पर्सनलमध्ये सहा टेबलं आहेत. सहाही टेबलं ऐकत होती.

म्हणजे मी चौपन्नचा नाही. एक्कावन्नचा तर नाहीच. मी सत्तावन्न पूर्ण. आणि पहिलीत नापास झालो तेव्हा साडेनऊचा होतो.

हात दाखवून अवलक्षण. आत्याची स्मरणशक्ती गेलीय. अशा म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवतं का? पण अर्जातला तो परिच्छेद!

२२ मे

अर्ज मागे घ्यायला गेलो. बाई म्हणाली, काका, तुम्हीच लिहून दिलंय, बंधनकारक राहील म्हणून. पोचही तुम्हीच मागून घेतलीत. आतेबहिणीचा दाखला मागवलाय. मी म्हटलं, माणूस रागात काहीही लिहितो. ती म्हणाली, रागात एवढं शुद्ध?

हुशार आहे. अशा लोकांनी देश बुडवला.

१ जून

आज पंचावन्नावा वाढदिवस असायचा. कंपनीने भेट दिली. तारीख दुरुस्त झाली. रिटायर व्हायला पाच वर्षं नाहीत, अडीच वर्षं.

तक्त्यात बघितलं. सत्तावन्नचा रकाना नाही. पंचावन्नला सात, साठला नऊ, म्हणजे मला आठ तरी हवेत. आहे एक. इस्त्र्यांसकट.

कर्ज गेलं. घर गेलं. महिन्याच्या पाच तारखेला साडू. आज राग येत नाहीये. हे लिहून ठेवतो, कारण उद्या येईल.

हिला सांगितलं नाही. ही खिडकीशी बसून मोठ्या जांभळ्या पडद्याची किनार घालत होती. पाठमोरी. बावीस वर्षं त्याच खिडकीत. मला वाटलं, सांगू या. मग वाटलं, जूनअखेरपर्यंत काहीतरी सुचेल. पाणी पिऊन आलो.

५ जून

राग आला. साडूचा, आत्याचा, मास्तरांचा, त्या झाडाचा. माझ्या बापाचा पण. उतरवायचंच होतं तर दोन वर्षं आधी उतरवायचं.

२६ जून

घरमालक आला. पेढ्याचा बॉक्स नाही, काही नाही, नुसता हसत आला. मी सोफ्यावर बसून भाषण तयार ठेवलं होतं. साहेब, माणसाचं मोल पैशात होत नसतं, असं सुरू होणारं. मी उठून उभा राहिलो. तो माझ्याकडे न बघता आत गेला आणि हिच्या हातात किल्ल्यांचा दुसरा जुडगा दिला. वहिनी, आता तुमचं, म्हणाला.

मी म्हटलं, हिचं कसं? साडूचं ना?

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला आणि ही माझ्या कानाकडे. (रंग अजून आहे.)

कर्ज हिच्या नावावर. सतरा वर्षांचं. सुरुवातीला भरायची रक्कम हिच्या ठेवींतून. वीस वर्षांच्या हॉटेलांच्या पडद्यांच्या ठेवी. त्या मॅडमनी म्हणे चहा पाजला हिला. मला पाणी विचारलं नव्हतं.

मी ओरडलो. मला सांगायचं तरी! बायकोने नवऱ्याला अंधारात ठेवून घर घ्यायचं?

ही मशीनवरून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, चार वेळा सांगितलं. तुम्ही वहीत लिहीत होतात.

मी म्हटलं, निदान माझे पैसे तरी घ्यायचेस. म्हणाली, राहू द्या तुमचे. अडीच वर्षांनी लागतील तुम्हाला.

अडीच! म्हणजे हिला माहीत होतं. आत्याने दुसऱ्याच दिवशी फोन करून सांगितलं होतं. महिनाभर मी लपवतोय आणि ही मला शेकतेय.

२६ जून, जेवणानंतर

वही चाळली. चार वेळा म्हणे! १६ एप्रिल, २ मे, १९ मे. तीनच वेळा आहे. माझ्याच अक्षरात आहे, शंकाच नको. उगाच वाढवून सांगायची सवय.

तीनच वेळा.

२७ जून

साडूने ग्रुपवर लिहिलं, ताईंचं मनःपूर्वक अभिनंदन. हसरं तोंड. अंगठा पाठवला नाही. आता तो आमच्या घरी आला की मीच त्याला टेप देणार.

मग सहज हिचा हिशेब करून बघितला. वय अठ्ठेचाळीस. घर धरून, कर्ज वजा करून, पाचपटीच्या वर. वयाच्या मानाने पुढे. तक्ता हिने बघितलेलाही नाही. सांगितलं नाही. डोक्यात हवा जायची.

सुचवलं की नवरा-बायकोचं एकत्र धरलं तर सरासरी चांगली येते. ही म्हणाली, अहो, बोट काढा. मी म्हटलं, कुठलं बोट? ती म्हणाली, पारड्यावरचं.

३ जुलै

ही म्हणाली, घरमालकाला देत होतात तेवढे दर महिन्याला मला द्यायचे, हप्त्यात जातील. पाच तारखेला. मी म्हटलं, आणि नळ गळला तर? म्हणाली, मला सांगायचं.

१२ जुलै

रिटायर झाल्यावर बसून खाणारा मी माणूस नाही. हिनेच विचारलं, पडद्यांना कड्या बसवायला माणूस हवाय, कारखान्यातून आल्यावर जमेल का? नगामागे पैसे. मी अटी घातल्या. खिडकीजवळ बसणार. आणि मला मशीनचा आवाज चालणार नाही. दुसरी अट नामंजूर झाली.

संध्याकाळी दोघं खिडकीत. उजेड खरंच चांगला येतो तिथे. बावीस वर्षांत मी तिथे कधी बसलोच नव्हतो.

१९ जुलै

तक्त्याचा नव्याने अभ्यास केला. मूळ चूक सापडली. वय जन्मापासून धरतात, तिथेच सगळा घोळ. वय कामापासून धरायला हवं. या कामात माझं वय आठवड्याचं. आठवड्याच्या माणसाकडे किती असावं, हे कुठल्याही तक्त्यात नाही. माझ्याकडे मात्र आहे. म्हणजे वयाच्या मानाने मी सगळ्यांच्या पुढे! साडूच्या, मॅडमच्या, हिच्याही. उद्या ग्रुपवर टाकणार.

संध्याकाळ

पगार झाला. अर्धाच. पूर्ण जांभळ्या सेटच्या कड्या मी उलट्या बाजूने बसवल्या होत्या. उद्या सगळ्या उसवायच्या. उसवण्याचे पैसे नाहीत.